रेल्वे मिरजेला, हायवे साताऱ्याला, पूर सांगलीला: शहरांची नशिबं ठरवतं कोण?

वारणाकाठ

मंडळी, सांगली, मिरज आणि सातारा. तिन्ही कृष्णेच्या खोऱ्यातली, तिन्ही कधी ना कधी राजधानी म्हणून मिरवलेली, आणि सकाळी एकीकडे चहा घेऊन निघालं तर दुपारी दुसरीकडे जेवायला पोचावं इतक्या अंतरावरची. तरी तिघांची वाटचाल तीन तऱ्हांची झाली. शहर का वाढतं आणि का खचतं याची जी उत्तरं नगररचनेच्या अभ्यासक्रमात शिकवतात, ती आपल्या गावांना लावून बघावीत म्हणून हा धागा.

सुरुवात वाल्टर ख्रिस्टालरपासून. या जर्मन भूगोलतज्ज्ञानं दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून १९३३ मध्ये मध्यवर्ती स्थानांचा सिद्धांत मांडला. मोठं गाव म्हणजे भोवतालच्या लहान गावांना बाजार, दवाखाना, कचेरी पुरवणारं ठिकाण, आणि अशा गावांचं षटकोनी जाळं पडत जातं. जाळं पडायला कारणं तीन: बाजार, वाहतूक नाहीतर कारभार. आता गंमत बघा. सांगली बाजाराची, मिरज वाहतुकीची, सातारा कारभाराचा. इतकं चपखल उदाहरण त्याला जर्मनीत तरी मिळालं असेल का कुणास ठाऊक.

पण हा सिद्धांत गाव कुठं मोठं होतं ते सांगतो. मोठं झाल्यावर पुढं काय, यावर त्याच्याकडे फारसं काही नाही. तिथं मला जेन जेकब्ज जास्त पटते. १९६९ मध्ये तिनं मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमची तुलना केली. एकोणिसाव्या शतकात लोक मँचेस्टर बघायला जायचे. अवाढव्य सूतगिरण्या, एकच धंदा, सगळं शिस्तीत. बर्मिंगहॅम म्हणजे गल्लीबोळातले बारके कारखाने, कुठं बटणं, कुठं बकलं, कुठं बंदुकीचे सुटे भाग. कुणाला ते भवितव्य वाटलं नाही. पुढं कापडाची बाजारपेठ गेली तसं मँचेस्टर कोसळलं आणि बर्मिंगहॅम तगलं. तिचं म्हणणं असं की जुन्या कामाला नवं काम फुटत राहिलं तर शहर जगतं. एकच काम कितीही उत्तम येत असलं तरी ते पुरत नाही.

याचा आपल्याकडचा नमुना मिरजेत आहे. तिथले शिकलगार म्हणजे हत्यारं घडवणारे, धार लावणारे कारागीर. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटली तसे त्यातले काही तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेबांचं नाव यात आद्य म्हणून घेतात. तलवारीवर बसलेला हात सतारीवर बसला, तो आजतागायत. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

आता उलटं उदाहरण. बेळगावात नवी वसाहत काढायची म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा सोडावी लागली, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगरापासून चरक आणि पंपापर्यंत कामाला काम फुटत गेलं. जेकब्जच्या हिशेबानं ही वाडी आज मोठं शहर असायला हवी होती. झालं काय? मशीन टूल १९४१ मध्ये हरिहरला गेलं, ऑइल इंजिन १९४६ मध्ये पुण्याला, विजेच्या मोटारी त्याच साली बंगळूरला. फांद्या फुटल्या, पण प्रत्येक फांदी दुसऱ्याच्या अंगणात वाढली. वाडी वाडीच राहिली.

म्हणून माझं म्हणणं असं: नवं काम फुटणं ही अर्धी गोष्ट. ते त्याच गावात रुजायला स्वस्त जागा, शेजारी दुसरे कारागीर आणि उधारीवर माल देणारा दुकानदार लागतो. शहराचं नशीब तिथं ठरतं. विकास आराखड्याच्या रंगीत नकाशात ते दिसतही नाही. बोला.

तीन_गेज

मिरजेला वाहतुकीची म्हणून मोकळे झालात, पण गाडी नुसती जाते त्या गावाला काही मिळत नाही. गाडी जिथं थांबते आणि माल उतरवावा लागतो तिथं गाव वाढतं. हा सिद्धांत ख्रिस्टालरच्याही आधीचा, चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा, १८९४ सालचा. वाहतुकीत जिथं खंड पडतो तिथं शहर उगवतं. बंदरं म्हणून मोठी होतात.

मिरजेला समुद्र नव्हता, पण गेज होते. पुणे-मिरज-कोल्हापूर १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. बेळगाव-लोंड्याकडची लाइन मीटरगेजच राहिली आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडची बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज. एकाच जंक्शनात तीन रुंदीचे रूळ. मी नोकरीला लागलो तेव्हा ट्रान्सशिपमेंट शेडमध्ये दिवसरात्र काम चालायचं. एका बाजूला मीटरगेजची वाघीण म्हणजे मालडबा, दुसऱ्या बाजूला ब्रॉडगेजची, मधे फलाट. हमाल पाठीवर पोतं घेऊन दहा पावलं चालायचा आणि त्या दहा पावलांवर मिरजेतल्या शेकडो चुली पेटायच्या. हमाल, मुकादम, टॅली क्लार्क, पोती शिवणारे, चहावाले, खानावळी, रात्रभर उघडी असलेली पानपट्टी. पोतं फाटलं की सांडलेला शेंगदाणा झाडून नेणाऱ्या बायका वेगळ्याच.

नव्वदीत मीटरगेज गेली, नंतर नॅरोगेजही ब्रॉड झाली. प्रवाशांची सोय झाली, तक्रार नाही. पण आता मालगाडी मिरजेत इंजिन बदलते आणि निघून जाते. ती दहा पावलं संपली. याला कोणी शहराचं नुकसान म्हणत नाही, कारण कागदावर ती प्रगती आहे.

पुण्यात_अडकलेला

काका, काय लिहिलंय! वाचनखूण साठवली.

माहुली_फाटा

धागा चांगला आहे, पण शीर्षकावर आक्षेप. 'हायवे साताऱ्याला' असं म्हटलंय जणू आम्हाला लॉटरी लागली.

आधी इतिहास. आमचं गाव आपोआप वाढलेलं नाही, वसवलेलं आहे. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, आणि पुढं अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी पेठा पडल्या, तळी झाली, यवतेश्वरच्या डोंगरातून खापरी नळानं पाणी आलं. ज्या काळात निम्म्या जगात शहराचं पाणी म्हणजे नदीवरून घागर, त्या काळात इथं उतारानं पाणी हौदात पडत होतं. १८१८ नंतर प्रतापसिंह महाराजांनी रस्ते आखले, राजवाडा बांधला. आजही राजपथावरून चाललात तर कळेल की हा कुणीतरी आधी दोरी धरून आखलेला रस्ता आहे.

मग झालं काय? १७४९ मध्ये शाहू महाराज गेले आणि सत्ता पुण्याला सरकली. गादी साताऱ्यात, कारभार शनिवारवाड्यात. १८४८ मध्ये डलहौसीनं राज्यच खालसा केलं. राजधानीचं काम गेल्यावर राजधानीसाठी वसवलेल्या गावानं करायचं काय? जिल्ह्याची कचेरी, कोर्ट, शाळा. रयत शिक्षण संस्थेचं मुख्यालय इथलं, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये इथं. सगळं मानाचं, पण बाजार कुठाय? पेन्शनरांचं गाव म्हणतात ते उगाच नाही.

रेल्वेचं तर विचारूच नका. स्टेशन माहुलीला. सातारकर माणूस रेल्वे स्टेशनला जातो म्हणजे आधी एक प्रवास करून दुसऱ्या प्रवासाला निघतो.

आणि हायवे. त्याबद्दल गुन्नार मिर्दाल १९५७ मध्येच सांगून गेला. स्वीडनचा अर्थशास्त्रज्ञ. एका ठिकाणी वाढ सुरू झाली की ती भोवतालचं भांडवल, हुशार पोरं, व्यापार सगळं ओढून घेते. वाढीचे शिंतोडे बाहेर उडतात, पण ओढ जास्त असते. पुणे आणि सातारा हे याचं पाठ्यपुस्तकातलं चित्र आहे. रस्ता चौपदरी झाला, सहापदरीचं काम निघालं, आणि प्रत्येक वेळी पुणे जवळ आलं. पूर्वी पोरगं पुण्याला गेलं की सुट्टीत यायचं. आता शनिवारी येतं, रविवारी धुतलेले कपडे आणि पेढ्याचा डबा घेऊन जातं, आणि घर तिकडेच घेतं. हायवेनं सातारा जोडला तसा सातारा रिकामाही केला. पोवई नाक्याला ग्रेड सेपरेटर झाला, गाड्या जमिनीखालून जायला लागल्या, पण जाणार कुठं? पुण्यालाच.

वारणाकाठ

माहुलीकर, मिर्दालचा मुद्दा जोरदार. पण तुमच्याकडे एमआयडीसी होती की. प्रिया स्कूटर साताऱ्यात बनायची. महाराष्ट्र स्कूटर्स १९७५ ची.

माहुली_फाटा

होती, आणि आमच्या गल्लीत प्रत्येक दुसऱ्या दारात प्रिया उभी असायची. पण तुमचाच नियम तुम्हाला लावतो. स्कूटरचं डिझाइन बाहेरचं, विक्रीचं जाळं बाहेरचं, साताऱ्यात जुळणी. गिअरची स्कूटर लोकांनी सोडली तेव्हा इथं त्या कामाला फुटायला काही नव्हतंच. कारखाना गावात असणं आणि काम गावाचं असणं यात फरक आहे.

अडत्याचा_पोर

ह्यो शेवटचा मुद्दा लाखाचा. आता सांगलीचं ऐका.

आमच्या तीन पिढ्या अडतीत. सगळ्यांना वाटतं सांगली म्हणजे हळद, आणि हळद म्हणजे इथं पिकती. आता इथल्या रानात हळदीपेक्षा ऊसच लै. माल कर्नाटकातनं येतो, तेलंगणातनं येतो, मराठवाड्यातनं येतो. पिकतं तिथं विकत नाही, आन सांगलीत विकतं. का? तर इथं पेवं होती.

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. तिथली माती अशी की खोल खड्डा काढला तरी ढासळत नाही आन पाझरत नाही. पेवाचं तोंड बारकं, माणूस जेमतेम उतरंल एवढं, खाली पोट मोठ्ठं. आतनं पाल्याचं अस्तर, त्यात हळद भरायची, वर माती लिंपून तोंड बंद. हवा नाही, कीड नाही. वर्ष दोन वर्ष माल जसाच्या तसा. उघडल्यावर लगेच उतरायचं नाही. आतली हवा मारती. आधी तोंड उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा, विझला तर माणूस उतरत नाही. गोडाऊनचं भाडं नाही, विजेचं बिल नाही, म्हणून व्यापारी भाव चढंपर्यंत माल धरून ठेवू शकायचा. भाव ठरवायची ताकद तिथनं आली. त्यातनंच वायदे, म्हंजे पुढच्या तारखेच्या मालाचे सौदे, आले. पुस्तकवाल्यांनी ह्याला काय म्हणायचं ते म्हणावं.

२००५ ला पुराचं पाणी पेवांत शिरलं आन बऱ्याच जणांचं पार वाटोळं झालं. त्यानंतर बरीच पेवं परत भरलीच नाहीत. पण बाजार मेला का? नाही. कारण तवर त्याच यार्डात, त्याच अडत-तोलाई-हमालीच्या व्यवस्थेवर बेदाण्याचे सौदे जोरात चालले होते. तासगाव, मिरज पूर्वेकडचा द्राक्षवाला माल घिऊन येतो, ट्रेमधनं नमुना हातात घिऊन बोली लागती. कोल्ड स्टोरेज झाली. ज्यो हळदीवर उधारी द्यायचा त्योच बेदाण्यावर द्यायला लागला. दोन्हीला मानांकन हाय आता. तर वारणाकाठ दादा म्हणतात ते जुन्याला नवं फुटणं ते हे.

नकाशावाली

पेवाचं वर्णन वाचून जीव सुखावला. पण 'आराखड्यात काही दिसत नाही' या वाक्यावर थोडं भांडते, कारण पोटापाण्यासाठी मी तेच नकाशे रंगवते.

आराखडा निरुपयोगी नाही, तो उशिरा येतो. देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्याचा, १९१५ चा. आत्ताचा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ चा. वीस वर्षांसाठी आराखडा करायचा, शाळा-बाग-रस्त्यांची आरक्षणं टाकायची. आरक्षणाची जमीन दहा वर्षांत घेतली नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो, तरीही घेतली नाही तर आरक्षण उडतं. पैसे नसलेल्या पालिकेत बहुतेक आरक्षणांचं काय होत असेल ते सांगायला नको.

तोवर लोक थांबतात होय? सांगली-मिरज-कुपवाड ही तीन गावं मिळून १९९८ मध्ये महापालिका झाली. पण गावांच्या मधली आणि कडेची शेतं त्याआधीच गुंठ्या-गुंठ्यानं विकली गेली होती. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे बारके तुकडे पाडायला मनाई करणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात बसत नव्हतं, जमीन बिगरशेती झालेली नव्हती, म्हणून नोंदणी व्हायची नाही. मग शंभराच्या स्टॅम्पवर साठेखत आणि नोटरी. सुतगिरणीतला कामगार, रिक्षावाला, शाळेतला शिपाई यांना परवडणारी जागा बाजारात तेवढीच होती. २००१ मध्ये सरकारनं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदाच केला, २०२१ मध्ये दुरुस्ती करून मुदत २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांना वाढवली. म्हणजे आधी घर, मग रस्ता, मग गटार, शेवटी नकाशा.

त्यात वाईट काय, असं वारणाकाठ म्हणतील. वाईट एवढंच की गुंठा पाडणारा जमिनीचा उतार बघत नाही. सांगलीत काळी माती, सपाट रान, पाणी निघायला आधीच वेळ लागतो. जुने ओढे-नाले बुजवून प्लॉट पडले. शामरावनगरसारख्या भागात नदीला पूर नसतानाही नुसत्या पावसानं पाणी साचतं ते यामुळे. पॅट्रिक गेडीस १९१४ मध्ये भारतात आले. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं, १९१८ मध्ये इंदूरचा अहवाल लिहिला. गावोगाव ते हेच सांगत फिरले की सरळ रस्त्याच्या हट्टापायी वस्ती पाडू नका, आणि तळी बुजवू नका, ती पाणी पोटात घेतात. शस्त्रक्रिया करा पण जपून, हा त्यांचा बाणा. साताऱ्यात मंगळवार तळं, मोती तळं, फुटकं तळं अजून शिल्लक आहेत, याचं मोल मला सांगलीत काम केल्यावर कळलं.

पुण्यात_अडकलेला

सांगलीला एक चांगला आयटी पार्क आणि विमानतळ दिला की हे सगळे प्रश्न सुटतील. बाकी सिद्धांत वगैरे ठीक.

अडत्याचा_पोर

भावा, आधी पेठ नाक्याहून खड्डे न चुकवता ये, मग विमानाचं बघू.

गावभागातला

जेकब्जबाईंचं एक म्हणणं कोणी आणलं नाही. नव्या धंद्याला जुनी इमारत लागते. नव्या इमारतीचं भाडं फक्त बँक, ब्रँडेड दुकान, साखळी हॉटेल यांनाच परवडतं. ज्याचा धंदा चालेल की नाही हे त्यालाच माहीत नाही, तो जुन्या वाड्याच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, सुरुवात करतो. १८०१ च्या सुमारास चिंतामणराव पटवर्धन मिरजेहून वेगळे होऊन सांगलीत आले, गणेशदुर्ग बांधला, पेठा वाढल्या. गणपती पेठेत, हरभट रोडला आजही तुम्हाला असे सोपे सापडतील. पुढं शिलाई, मागं छपाई, माडीवर वकील.

आता पूर. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा. त्यावरची पाण्याच्या पातळीची खूण हीच सांगलीची नाडी. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २००५ ला शहरात पाणी आलं तेव्हा म्हातारी माणसं म्हणाली, असं परत बघायचं नाही. २०१९ ला ५७ फुटांच्या वर गेलं. २०२१ ला पुन्हा आलं.

विल्यम अलोन्सो नावाच्या अर्थतज्ज्ञाचा १९६४ चा सिद्धांत आहे, भूभाड्याचा. शहराच्या मध्याला जागा सगळ्यात महाग आणि जसजसं बाहेर जाल तसतशी स्वस्त, कारण मध्याला पोचायचा खर्च वाचतो. सांगलीत २०१९ नंतर हे आलेख उलटे झाले. बाजारपेठेतल्या तळमजल्याला गिऱ्हाईक विचारतं, 'पाणी कुठवर आलं होतं?' विश्रामबाग उंचावर, मिरजेच्या वाटेवर. १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज तिथं काढलं तेव्हा ते गावाबाहेर होतं. आता डॉक्टर, क्लास, शोरूम सगळे तिकडं.

आमच्या शेजारी एक बुकबाइंडर होता. २०१९ ला कागद, कापड, खळ, दाबायचं यंत्र, सगळं पाण्यात. पाणी ओसरल्यावर कागदाच्या गठ्ठ्यांची अशी ढेप झाली होती की कुदळीनं फोडून काढावी लागली. सानुग्रह अनुदान आलं त्यात साफसफाईसुद्धा भागली नाही. विश्रामबागेतल्या गाळ्याचं भाडं त्याला झेपणारं नव्हतं. धंदा बंद करून आता मुलाकडं चिंचवडला असतो. तर शोरूम सरकतात, बारका माणूस सरकत नाही, तो संपतो. वारणाकाठनी सांगितलेली ती रुजायची स्वस्त जागा दर पुराला थोडी थोडी वाहून जाते. मला यात सांगलीचं खरं संकट दिसतं. विमानतळ नसण्यात नाही.

सातवा_मैल

पुराचं बोलताय, मग यात कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विषय कसा नाही?

नकाशावाली

त्यावर स्वतंत्र धागा आहे, आठशे प्रतिसादांचा. तिथं जा, इथं नको, हात जोडते.

माहुली_फाटा

वारणाकाठ, तुमच्या लाडक्या बर्मिंगहॅमच्या महापालिकेनं २०२३ च्या सप्टेंबरात हात वर केले, ठाऊक आहे ना? नव्या खर्चाला पैसे नाहीत अशी अधिकृत नोटीस काढली. आणि १९८० च्या दशकात तिथले मोटारींचे कारखाने धडाधड बंद पडले ते वेगळंच. बारक्या कारखान्यांचं शहरही शेवटी मोटारीच्या एकाच धंद्याला लागलं होतं. डेट्रॉइटचंही तसंच. १९५० ला साडेअठरा लाख वस्ती, २०१० ला सव्वासात लाखांच्या आत, २०१३ ला दिवाळखोरी. तेही आधी बोटींची इंजिनं, गाड्या, स्टोव्ह असं सतरा प्रकारचं गाव होतं. त्यातूनच मोटार फुटली आणि मोटारीनं बाकीचं खाल्लं. मग तुमचा नियम राहिला कुठं?

वारणाकाठ

नियम तिथंच आहे, उलट तुम्ही त्याला पुरावा दिलात. महापालिकेच्या तिजोरीची गोष्ट मी वेगळी धरतो, तिथं जुन्या वेतनदाव्यांचं देणं वगैरे होतं. पण डेट्रॉइटचं तुम्ही सांगितलंत तेच आपल्याला लागू आहे. फुटलेलं एक काम इतकं फोफावतं की बाकीच्यांना जागा, माणूस, भांडवल काहीच उरत नाही. आपल्याकडे ते ऊस. साखर कारखान्यानं जिल्हा उभा केला, शाळा-कॉलेजं काढली, नाकारत नाही. वसंतदादांच्या पिढीचं ते काम मोठंच. पण पाणी आलं की ऊस, कर्ज मिळतं उसाला, निवडणूक उसावर. हुशार पोरगा कारखान्यात चिकटला की घर निवांत. ज्या पूर्व भागात पाणी नव्हतं त्या खानापूर-आटपाडीतली माणसं बघा. गलाईच्या धंद्यानं देशभर पसरली. सोनं-चांदी गाळायची त्यांची दुकानं कुठल्याही राज्यातल्या सराफ कट्ट्याजवळ सापडतील. विट्यातली घरं त्या पैशावर उठली. कोरडवाहू तालुक्यानं धंदा शोधला, बागायती तालुक्यानं फड लावला.

अडत्याचा_पोर

दादा, जरा दमानं. गलाईवाला पोरगा बाराव्या वर्षी घर सोडून मद्रासला भट्टीपुढं बसायचा. ते कौतुक लिहायला बरं. आता टेंभू उपसा योजनेचं पाणी गेलंय तर त्यांनी ऊस, डाळिंब लावलं, त्यात चुकलं काय?

तीन_गेज

बरोबर बोललास बाळा. हमालीचंही तेच. मी वर लिहिलं त्यात पाठीचा मणका नाही लिहिला.

नकाशावाली

एक ठोस गोष्ट सुचवते, नाहीतर हा धागा पण अलमट्टीच्या वाटेनं जाईल.

मिरजेत सतारीचं काम ज्या गल्लीत चालतं तिथं जाऊन बघा. खाली पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे वाळवलेले भोपळे टांगलेत, पायरीवर एक जण पट्टीवर नक्षी कोरतोय, आत तारा लावून, सूर खुलावा म्हणून जवारी काढायचं काम चाललंय, माडीवर घर. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले. दर्ग्याच्या उरुसाला गवई अजून येतात, म्हणजे गिऱ्हाईकही दारात. आता विभागवार वापराच्या कडक नियमानं तोललं तर निवासी भागात सुतारकाम, पॉलिश, कारखाना. उद्या कोणी नव्यानं असं करायला गेलं तर त्याला कुपवाडच्या एमआयडीसीत गाळा घे म्हणून सांगतील. तिथं गाळा मिळेल, पण पायरी मिळणार नाही, आणि समोरच्या घरातला तारवाला पण नाही. शाळा, घर, कारखाना वेगळे काढायचे हा विचार विलायतेत कोळशाच्या धुरामुळे जन्मला. तंबोऱ्याला धूर कुठाय?

तेव्हा पूररेषेच्या बाहेरच्या गावठाणात, विशेषतः मिरजेत, मिश्र वापर मोकळा ठेवा. लहान गाळे, कमी शुल्क. आणि सांगलीच्या गावभागात पाण्याच्या खुणेखाली गोदाम-यंत्र नको, पण वरच्या मजल्यावर कारागिरांना जागा द्या. पूररेषा दोन आहेत: निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको, लालच्या आत अटींवर. नियम आहेत. हरकती-सूचना मागवतात तेव्हा बहुतेक अर्ज 'माझ्या प्लॉटवरचं आरक्षण उठवा' एवढ्याच आशयाचे असतात. गल्लीत कारखाना चालू द्या, असा अर्ज मी तरी पाहिला नाही.

गावभागातला

वरच्या मजल्याचं पटलं, पण जुन्या वाड्यांच्या माडीला दाबयंत्राचं वजन सोसेल का, ते आधी तपासायला लागेल. आमच्याकडे कितीतरी माड्या लाकडी तुळयांवर आहेत. शिलाई, चित्रं, संगणकाचं काम चालेल.

माहुली_फाटा

साताऱ्यात २०२० मध्ये हद्दवाढ झाली, आजूबाजूचा बराच भाग नगरपालिकेत आला. आम्ही अजून त्या टप्प्यावर आहोत जिथं ओढा बुजायचाय. नकाशावालीताई, तुमचा प्रतिसाद छापून इथल्या चार जणांना देतो.

नकाशावाली

द्या की. नाव नको.

नवा_सभासद_मिरज

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न लहान आहे. सांगली-मिरजेच्या मधे दोन गुंठे घ्यायचा विचार आहे, भाव बरा सांगतायत. एजंट म्हणतो गुंठेवारी नियमित होणारच आहे. घेऊ का?

नकाशावाली

'होणारच आहे' वर पैसे देऊ नका. नगररचना विभागातून त्या गटाचा झोन दाखला काढा, पूररेषेचा नकाशा बघा, सातबारावर नाव कुणाचं आणि इतर हक्कात काय बोजा आहे ते वाचा, बिगरशेतीचा आदेश मागा. नियमित झालंच असेल तर प्रमाणपत्र दाखवतील. आणि २०१९ ला पाणी कुठवर होतं ते एजंटला विचारू नका, शेजारच्या किराणावाल्याला विचारा.

गावभागातला

आणि प्लॉट उन्हाळ्यात बघू नका. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जा.

नवा_सभासद_मिरज

एजंट म्हणतो पावसाळ्यात तिथं गाडी जात नाही.

अडत्याचा_पोर

मग झालं की काम. बयाणा दिला नाहीस ना अजून?